दुष्काळाची तारीख आणि कुपोषणाची नोंद : मेळघाटातील सामाजिक-आर्थिक विषमतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

भारतीय इतिहासलेखनात दुष्काळाला निश्चित स्थान आहे. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९००, १९४३, १९७२ ही वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतात. दुष्काळाला आरंभ असतो आणि शेवटही असतो. त्यावर आयोग नेमले जातात, अहवाल छापले जातात आणि अभ्यासकाला साधने उपलब्ध होतात. कुपोषणाचे तसे नाही. ते अमुक वर्षी सुरू झाले असे म्हणता येत नाही, आणि संपल्याची घोषणाही कोणी करीत नाही. त्यामुळे कुपोषण हा विषय इतिहासकाराने वैद्यकशास्त्राच्या व गृहविज्ञानाच्या स्वाधीन केला. आपल्या विद्यापीठांच्या इतिहास अभ्यासक्रमांतही दुष्काळ निवारणाच्या धोरणावर प्रश्न विचारला जातो. पावसाळ्यात दरवर्षी परतणाऱ्या उपासमारीवर क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांचा, म्हणजेच मेळघाटचा, विचार केला आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगांतील या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तीन लाख असून तीत कोरकू आदिवासींचे प्राबल्य आहे. मेळघाटातील बालकुपोषणाची कारणे सांगताना दुर्गमता, निरक्षरता, भुमकावरील विश्वास, कमी वयातील विवाह यांची यादी दिली जाते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती सर्व कोरकू समाजाच्या अंगी असलेल्या उणिवा म्हणून मांडली जातात आणि इतिहास त्यातून गळून पडतो. डोंगर आणि मैदान यांच्यात गेल्या दीडशे वर्षांत जो विषम आर्थिक संबंध घडत गेला, त्यातून हे कुपोषण आले आहे. आणि शासकीय नोंदवही केवळ बालकाचे वजन मोजत असल्यामुळे तो संबंध नोंदीबाहेर राहिला, अशी या लेखाची मांडणी आहे.

डोंगर आणि कापसाचे मैदान :

१८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. पुढील वीस वर्षांत या प्रांताचे आर्थिक रूप पालटले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला अकस्मात जागतिक महत्त्व आले. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. अमरावती, खामगाव, कारंजा या बाजारपेठा भरभराटीस आल्या. या भरभराटीची दुसरी बाजू लक्ष्मण सत्या यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखविली आहे. कापसाखालील क्षेत्र वाढले, चराई कुरणे व सामायिक जमिनी आक्रसल्या, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच समृद्ध प्रांतात माणसे मोठ्या संख्येने मेली. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली.

सत्या यांचा भर मैदानी वऱ्हाडावर आहे. मेळघाटच्या दृष्टीने पाहिले असता याच प्रक्रियेचा आणखी एक पदर दिसतो. मैदानातील शेती कापसाकडे वळली तशी डोंगरातील सागाकडे सरकारची दृष्टी गेली. रेल्वेला रुळांखालील लाकूड हवे होते, वाढत्या शहरांना इमारती लाकूड व जळण हवे होते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव जंगल ही कल्पना रूढ केली आणि मेळघाटचा फार मोठा भाग राखीव झाला. मध्य भारतातील डोंगराळ मुलखाचे वर्णन करणारा जेम्स फॉर्सिथ याचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोंड व कोरकू यांच्या फिरत्या शेतीचे वर्णन येते. झाडोरा तोडायचा, वाळल्यावर जाळायचा आणि राखेत बी टाकायचे, ही ती पद्धत. फॉर्सिथ स्वतः वन खात्याशी संबंधित अधिकारी होता, आणि ही पद्धत त्याच्या लेखी जंगलाचा नाश होती. वसाहतकालीन साधने वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोरकूंच्या अन्नाविषयी आपल्याला जी माहिती मिळते ती बहुतांशी त्यांचे अन्न मिळविण्याचे साधन काढून घेणाऱ्यांनीच लिहून ठेवलेली आहे.

जंगल, वनग्राम आणि ताटातील बदल :

फिरती शेती थांबविल्यानंतर वन खात्यापुढे मजुरांचा प्रश्न उभा राहिला. लाकूडतोड, रोपवन, जाळरेषा या कामांना माणसे हवी होती, आणि ती जंगलातच राहावीत अशी गरज होती. यातून वनग्राम ही संस्था निर्माण झाली. वनग्रामातील कुटुंबाला कसण्यापुरती जमीन मिळे, पण ती मालकीने मिळत नसे. खात्याच्या कामावर हजर राहणे ही तिची अट असे. महसुली गावातील शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या आधारे कर्ज मिळू शकते, वनग्रामातील कोरकूला ते मिळत नसे. वऱ्हाडच्या मैदानात रयतवारी पद्धतीने जमिनीचा वैयक्तिक मालक निर्माण होत असताना डोंगरात मालकी नसलेला कसणारा निर्माण झाला, ही बाब विषमतेच्या इतिहासात मूलभूत मानली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हा ढाचा फारसा बदलला नाही. उलट त्यावर नवे थर चढले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. १९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक म्हणून घोषित झाला. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा अन्य वापर केंद्राच्या पूर्वपरवानगीशी बांधला गेला. वाघ वाचविणे आवश्यक होते याविषयी वाद नाही. परंतु या प्रत्येक निर्णयाची किंमत कोणाच्या ताटातून वसूल झाली, हा प्रश्न त्या काळच्या धोरणविषयक चर्चेत क्वचितच उपस्थित झालेला दिसतो.

कोरकूंचे पारंपरिक अन्न एका पिकावर अवलंबून नव्हते. कोदो, कुटकी, सावा ही हलक्या उताराच्या जमिनीत येणारी धान्ये, ज्वारी, मोहाची फुले, चारोळी, कंद, रानभाज्या, नदीनाल्यांतील मासे आणि अधूनमधून शिकार, असा तो आहार होता. त्यात विपुलता होती असे म्हणण्याचे कारण नाही. डोंगरातील जीवन पूर्वीही खडतरच होते. मात्र एक साधन आटले तर दुसऱ्याकडे वळण्याची सोय त्यात होती. शिकार बंद झाली, जंगलातील वावर परवानगीच्या कक्षेत आला, तशी ही सोय कमी होत गेली. पुढे कोदो-कुटकीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीन नगदी पीक आहे; शेतात पिकते ते परतवाड्याच्या किंवा धारणीच्या बाजारात जाते, घरातील चुलीवर शिजत नाही. प्रथिनांनी समृद्ध असे पीक घेणाऱ्या गावात बालकांना प्रथिने मिळत नाहीत, या विसंगतीचा उलगडा केवळ आहारशिक्षणाच्या अभावाने होत नाही. पेरणीसाठी घेतलेली उचल पीक निघताच फेडावी लागते, हे त्याचे अधिक सरळ उत्तर आहे.

खावटी : भुकेसाठी कर्ज :

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दारिद्र्य व दुष्काळ यांवरील ग्रंथात असे दाखविले की, उपासमार बाजारात अन्न नसल्यामुळे होतेच असे नाही; अन्नावर हक्क सांगण्याचे साधन माणसाच्या हाती नसणे हे तिचे कारण असते. मेळघाटचा पावसाळा या सिद्धांताचे वार्षिक उदाहरण आहे. जून ते सप्टेंबर या काळात घरातील धान्य संपलेले असते, नवे पीक हाती यायचे असते, जंगलातील व सार्वजनिक बांधकामाची कामे थांबलेली असतात. नाले भरून वाहू लागले की रस्ते तुटतात. अतिसार, हिवताप, न्यूमोनिया यांचाही हाच काळ. माता शेतात निंदणीला जाते आणि तान्हे मूल मोठ्या भावंडाच्या स्वाधीन असते. अन्न, रोजगार, आरोग्य आणि मातेचा वेळ या चारही गोष्टींची टंचाई एकाच वेळी येते, आणि बालमृत्यूंची संख्या याच महिन्यांत चढते.

ही गोष्ट शासनाला ज्ञात नव्हती असे म्हणता येणार नाही. १९७८ पासून महाराष्ट्रात आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना राबविली गेली. पावसाळ्यातील उपासमार टळावी आणि आदिवासी सावकाराकडे जाऊ नये, हा तिचा हेतू. योजनेच्या नावाकडे लक्ष वेधावेसे वाटते. खावटी म्हणजे खाण्यापुरते. दरवर्षी ठराविक महिन्यांत ठराविक लोकांकडे खाण्यापुरतेही नसते, हे या नावातच शासनाने मान्य केले होते. आणि त्यावर योजलेला उपाय कर्जाचा होता. सावकाराची जागा महामंडळाने घेतली, व्याज कमी झाले, धान्य व रोख यांची विभागणी झाली, तरी भूक ही परतफेडीची बाब राहिली. २०२० मध्ये करोनाच्या काळात शासनाने एका वर्षासाठी खावटी पूर्णतः अनुदान म्हणून दिली, तेव्हा प्रतिकुटुंब रक्कम चार हजार रुपयांची होती. आपत्तीच्या वर्षी जे अनुदान होऊ शकते ते एरवी कर्ज का असावे, याचे समाधानकारक स्पष्टीकरण धोरणविषयक दस्तऐवजांतून मिळत नाही.

मोजपट्टीचा वाद :

कुपोषित कोणाला म्हणावे, या प्रश्नाला महाराष्ट्रात एक बौद्धिक इतिहास आहे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० कॅलरी पुरविणारा खर्च हा त्यांचा निकष होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार तो ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरी भागात साडेबावीस रुपये इतका निघाला. या निकषाला सांख्यिकीच्या बाजूने आव्हान दिले ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ संचालक राहून ते पुण्यास परतले होते. एकाच व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानणे चुकीचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा निकष स्वीकारला की कुपोषितांची संख्या पुष्कळ खाली येते. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याला सविस्तर उत्तर दिले, तर आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी जुळवून घेतलेले शरीर म्हणजे निरोगी शरीर नव्हे, असा आक्षेप घेतला.

सुखात्मे यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, शुद्ध पाणी व स्वच्छता यांच्याशिवाय केवळ अन्न वाढवून कुपोषण हटणार नाही, हा त्यांचा आग्रह काळाच्या ओघात पुष्कळ अंशी खरा ठरला. तरीही पुण्यातील वादात कसोटीला लागला होता तो सरासरी प्रौढ. डोंगरातील दीड वर्षाचे मूल या चर्चेत जवळजवळ नव्हते. ते आले अंगणवाडीच्या वजनकाट्याने.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी झाला. महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम निवडली गेलेली दोन ठिकाणे म्हणजे मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी. म्हणजे मेळघाट शासनाच्या दृष्टीआड कधीच नव्हते. राज्यात सर्वांत आधी जेथे बालकांची वजने घेतली जाऊ लागली त्या प्रदेशांत त्याचा समावेश होता. या योजनेत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे वर्गीकरण वापरले जाई. प्रमाणित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असणारे बालक सर्वसाधारण, आणि त्याखाली चार श्रेणी. तिसरी व चौथी श्रेणी गंभीर समजली जाई आणि प्रशासनाचे लक्ष तेथेच एकवटे. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीतील बालके, जी संख्येने कितीतरी अधिक असत, अहवालाच्या रकान्यात राहत.

या श्रेणींचा परिणाम किती दूरगामी होता हे पुढे स्पष्ट झाले. पेलेटियर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विविध देशांच्या विश्लेषणानुसार विकसनशील देशांतील सुमारे ५६ टक्के बालमृत्यूंमागे कुपोषणाचा हात होता. आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे ८३ टक्के मृत्यू तीव्र नव्हे, तर सौम्य व मध्यम कुपोषणाशी निगडित होते. ज्यांच्याकडे यंत्रणा निकडीने पाहत नव्हती त्या श्रेणींतूनच बहुसंख्य मुले दगावत होती. अतिसार किंवा न्यूमोनिया यांनी मृत्यू झाला की नोंदवहीत तोच आजार कारण म्हणून येतो. कुपोषणाने मृत्यू नाही, आजाराने मृत्यू, हे विधान मग वैद्यकीय परिभाषेत अचूक असते आणि ऐतिहासिकदृष्ट्या निरर्थक.

१९९३ आणि त्यानंतर :

१९९२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथील बालमृत्यू उघडकीस आले आणि १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले. धारणीतील अंगणवाड्यांना तोवर अठरा वर्षे झाली होती. शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयीन निर्देशांच्या पार्श्वभूमीवर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य पोहोचविणे, रोजगाराची कामे उपलब्ध ठेवणे, आरोग्य पथके आणि पोषण यांचा समन्वय साधणे, हे तिचे स्वरूप. कारणांची साखळी शासनाने प्रथमच एका योजनेत मान्य केली, हे या योजनेचे महत्त्व मानावे लागेल. अंमलबजावणी मात्र विभागवार विखुरलीच. २००७ मध्ये मेळघाटविषयी पुन्हा जनहित याचिका दाखल झाली आणि तिच्या सुनावण्या पुढे दीर्घकाळ चालल्या.

या टप्प्यावर वादाचे केंद्र पुन्हा संख्येकडे वळले. २००० च्या दशकाच्या आरंभी 'सर्च' आणि अन्य स्वयंसेवी संस्थांनी 'कोवळी पानगळ' या नावाने आपल्या क्षेत्रांतील प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध केली. शासकीय नोंदीपेक्षा बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००४ च्या तिच्या पहिल्या अहवालाने नोंदीतील ही तूट मान्य केली. उपचारांच्या बाजूनेही या काळात महत्त्वाचे काम झाले. गडचिरोलीत गावातील स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतल्यास नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक घटतो, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले. मेळघाटात बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारख्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून दवाखान्याइतकेच शेतीकडे व रेशनकडे लक्ष दिले. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला जे दिसले ते इतिहासाच्या अभ्यासकाला उशिरा दिसावे, ही आपल्या विद्याशाखेची मर्यादा म्हटली पाहिजे.

मृत्यू कमी झाले, तरी कुपोषण त्या प्रमाणात हटले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के राहिले. कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण या तिन्ही पाहण्यांत ३६ ते ३७ टक्क्यांच्या आसपासच आहे. या काळात राज्याचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. देशपातळीवर २०१९-२१ मध्ये सर्वांत गरीब पंचमांशातील सुमारे ४६ टक्के बालके खुरटलेली होती, तर सर्वांत श्रीमंत पंचमांशातील सुमारे २३ टक्के. अनुसूचित जमातींतील प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. श्रीमंतांतही चौथ्या हिश्श्याच्या आसपास मुले खुरटलेली असणे हे अस्वच्छता आणि स्त्रियांची कनिष्ठ स्थिती यांकडे बोट दाखविते. म्हणून सर्व काही उत्पन्नाने स्पष्ट होते असे नाही. परंतु दोन टोकांतील दुपटीचे अंतर पाहता विषमता वगळून केलेले कोणतेही विवेचन अपुरेच पडेल.

कोरकू श्रद्धांना दोष देणाऱ्या युक्तिवादाचा येथे परामर्श घेतला पाहिजे. पोट फुगलेल्या अर्भकाला तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा क्रूर व घातक आहे, आणि तिचे समर्थन कोणीही करू नये. मात्र याच प्रथेच्या बातम्या ज्या तपशिलाने छापल्या जातात त्या तपशिलाने रोजगार हमीची थकलेली मजुरी छापली जात नाही. वाचकाच्या मनात मग अज्ञानी आई उरते आणि न मिळालेली मजुरी पुसली जाते.

स्थलांतरित बालक आणि नोंदवही :

दिवाळीनंतर मेळघाटातील गावे रिकामी होऊ लागतात. अचलपूर, अकोट, अमरावतीकडील शेतांत, संत्राबागांत, वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि होळीला परत येतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, आणि मैदानातील हंगामाचे वेळापत्रकही त्याच सुमारास सैल होते. दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या मैदानाशी डोंगराचा जो विषम संबंध जुळला तो या ये-जा करणाऱ्या पायांतून आजही वाचता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर सामूहिक वनहक्क मिळालेल्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीरसारख्या काही गावांनी जंगलाचे व्यवस्थापन स्वतःकडे घेऊन गावातच काम निर्माण केले. परंतु अशी गावे अद्याप थोडी आहेत.

स्थलांतराच्या या चार-पाच महिन्यांत बालकाचे नाव मूळ गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि शरीर वीटभट्टीवर. त्याचा पूरक आहार गावात वाटपात दाखविला जाण्याची शक्यता राहते, आणि ज्या गावी ते राहते तेथील अंगणवाडी ते आपले मानत नाही. महिन्याचे वजन चुकते, लसीचा डोस चुकतो, आणि होळीला परतलेले मूल वजनकाट्यावर एक श्रेणी खाली गेलेले आढळते. २०२२ मध्ये राज्य शासनाने स्थलांतरित मातांची व बालकांची नोंद एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पाकडे पाठविणारी संगणकीय प्रणाली लागू केली. बालक कोठून आले आणि कोठे गेले हे या प्रणालीत नोंदविता येते. ज्या मुकादमाने त्याच्या आईवडिलांना उचल देऊन नेले त्याच्यासाठी, आणि ती उचल किती होती यासाठी, अंगणवाडीच्या नोंदीत जागा नाही.